इंजिन तेच, बिल्ला वेगळा

मोठी सेडान घ्यायची म्हटलं की आपल्याकडे चर्चा लगेच बिल्ल्यावर येते. "थोडे पैसे घालून ऑडीच घ्या ना" हा सल्ला स्कोडा सुपर्ब घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. आज सेकंडहँड बाजारात २०२१-२२ सालच्या सुपर्ब आणि ऑडी ए४ शेजारीशेजारी उभ्या दिसतात, तेव्हाही हाच सल्ला मिळतो. त्या 'थोड्या पैशां'चा हिशेब मात्र फारसं कुणी मांडत नाही. तो मांडायला हवा, कारण प्रश्न नुसता गाडीचा नाही.

स्कोडा आणि ऑडी या दोन्ही कंपन्या फोक्सवॅगन समूहाच्या. १८९५ साली म्लादा बोलेस्लाव्ह या बोहेमियातल्या गावात लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी सायकली बनवायला सुरुवात केली, त्यातून पुढे स्कोडा उभी राहिली. साम्यवादी राजवटीच्या काळात पश्चिम युरोपात या गाडीवर विनोद व्हायचे. १९९१ मध्ये फोक्सवॅगनने तिच्यात हिस्सा घेतला आणि २००० पर्यंत संपूर्ण कंपनी ताब्यात घेतली. समूहाने वाटणी ठरवून दिली: स्कोडा परवडणारी, फोक्सवॅगन मधली, ऑडी प्रतिष्ठेची. २००१ ची नवी सुपर्ब म्हणजे तर लांबवलेली पासाटच होती. थोडक्यात, धाकट्या बहिणीला थोरलीचे कपडे मिळाले, पण ते तिच्या मापाने सैल शिवून.

आता आपल्याकडचे आकडे पाहू. जानेवारी २०२१ मध्ये नवी ए४ भारतात आली, तेव्हा तिची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ४२ लाख ३४ हजार होती. त्याच महिन्यात सुपर्बचं सर्वात महाग मॉडेल ३४ लाख ९९ हजारांना मिळत होतं. दोन्हींत दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १९० अश्वशक्ती, ३२० न्यूटन मीटर टॉर्क, सात गिअरचा ड्युअल क्लच आणि पुढच्या चाकांना ताकद. आणि दोघींची जुळणी कुठे व्हायची? औरंगाबादजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत, एकाच आवारात. म्हणजे जर्मन आणि झेक हा भेद ज्या कारखान्याच्या फाटकापाशी संपत होता, तो शोरूमच्या काचेपाशी पुन्हा सुरू होत होता.

फरक काहीच नव्हता असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. ए४ चा पाया वेगळा आहे. तिचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं असतं. वेगात तिचं स्टिअरिंग आणि पुढचं सस्पेन्शन जास्त नेमकं वाटतं. दार बंद होण्याचा आवाज, बटणांचा स्पर्श, आतली शांतता यांवर ऑडीने खर्च केलेला जाणवतो. स्वतः गाडी चालवण्याची ज्याला आवड आहे आणि जो बहुतेक वेळा एकटाच प्रवास करतो, त्याने ए४ साठी जास्त पैसे मोजले तर त्यात वेडेपणा नाही.

पण सुपर्बचं इंजिन आडवं बसतं. त्यामुळे बोनेटखाली वाचलेली जागा मागच्या सीटला मिळते. शिवाय गाडी सुमारे दहा सेंटीमीटरने जास्त लांब आहे. दोघींच्या चाकांमधल्या अंतरात जेमतेम दोन सेंटीमीटरचा फरक असूनही मागे बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांना जो फरक कळतो, त्याचं कारण हे आहे. सामानाची जागा ६२५ लिटर, आणि मागची काच दरवाजासकट वर उघडते. गुडघे दुखणारे अब्बा, मांडीवर नातू घेतलेली अम्मी आणि लग्नाच्या बॅगा हा ज्यांचा नेहमीचा प्रवास, त्यांना यांत्रिक भाषेत समजावायची गरज नाही. एकदा मागे बसून पाहिलं की पुरे.

मग सात लाख पस्तीस हजारांचं काय? त्यावर महाराष्ट्रातला १३ टक्के रोड टॅक्स धरला की फरक जवळपास आठ लाख तीस हजारांवर जातो. ही रक्कम नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्जाऊ काढली तर महिन्याला सव्वासतरा हजारांच्या आसपास हप्ता बसतो आणि शेवटी दहा लाखांच्या पुढे भरावे लागतात. हा फक्त फरकाचा हप्ता आहे, गाडीचा अजून आलेलाच नाही. एवढ्या पैशांत एखाद्या मुलीचं शिक्षण पार पडू शकतं.

किंमत बिल्ल्यातून येते असं वाटत असेल तर पुढची गोष्ट पाहा. २०२३ मध्ये नव्या प्रदूषण नियमांच्या वेळी सुपर्ब भारतातून गेली. २०२४ मध्ये ती परतली, पण बाहेरून तयार होऊन, फक्त १०० गाड्या आणि किंमत ५४ लाख. इथे जुळणी होणारी ए४ तेव्हा ४६ लाखांच्या आसपास सुरू होत होती. 'स्वस्त' बहीण महाग झाली, कारण आयात शुल्क बिल्ला पाहून लागत नाही.

औरंगाबादचं नाव निघालं की २०१० आठवतं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये शहरातल्या व्यापारी-उद्योजकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटींच्या १५० मर्सिडीज घेतल्या. त्यातली मोठी रक्कम स्टेट बँकेने सात टक्क्यांनी कर्जाऊ दिली. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला त्याहून कितीतरी चढा दर मोजावा लागतो, हे तेव्हा पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं. ज्या वस्तूने शेत नांगरलं जातं तिचं कर्ज महाग आणि ज्या वस्तूने रुबाब वाढतो तिचं स्वस्त. मराठवाड्याने यापेक्षा स्पष्ट हिशेब दुसरा पाहिला नसेल.

तरीही बिल्ला घेणाऱ्या सगळ्यांना पोकळ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ज्याचं आडनाव ऐकून समोरचा क्षणभर थांबतो, ज्याला भाड्याचं घर किंवा बँकेचं कर्ज मागताना दोन प्रश्न जास्त विचारले जातात, त्याच्यासाठी चार कड्यांचा बिल्ला ही ओळखचिठ्ठी असते. सोसायटीचा वॉचमन नाव विचारण्याआधी फाटक उघडतो. ही गरज खरी आहे. पण तिची किंमतही त्यालाच मोजावी लागते. ज्याच्याबद्दल कुणाला शंका नाही, तो बिनधास्त जुन्या गाडीतून फिरतो. ज्याच्यावर शंका घेतली जाते, तो आठ लाख जास्त देऊन ती दूर करू पाहतो. आणि गाडीतून उतरला की नाव पुन्हा तेच असतं. म्हणून इज्जतीचा हा कर हप्त्यांनी भरू नये, असं माझं मत आहे.

सेकंडहँड घेताना दोन्हींचा सर्व्हिस रेकॉर्ड आणि गिअरबॉक्स जाणकाराकडून तपासून घ्या, देखभाल दोन्हींची महाग आहे. स्टिअरिंगवर स्वतः बसणार असाल आणि पैसे रोख असतील तर ए४ खुशाल घ्या. घर सोबत नेणार असाल तर सुपर्ब घ्या. आणि कुणी विचारलंच, "ऑडी का नाही घेतली?" तर त्याला मागच्या सीटवर बसवा आणि पाय लांब करायला सांगा.