गाणे आपले, यंत्र कोणाचे?

पुसेगावहून हिंगोलीकडे जाणाऱ्या एखाद्या जुन्या जीपगाडीत टेपमधून निघालेली एक बारीक वायर चालकाच्या मोबाइलला किंवा छोट्या प्लेअरला जोडलेली दिसते. गाणी असतात ती मोबाइलच्या दुकानातून कार्डात भरून घेतलेली. ही वायर क्षुल्लक वाटेल. परंतु ग्राहकाच्या स्वातंत्र्याचा एक महत्त्वाचा प्रश्न तिच्याशी निगडित आहे.

प्लेअर व गाडीतील टेप या अर्थशास्त्राच्या भाषेत पूरक वस्तू होत. एकीची उपयुक्तता दुसरीवर अवलंबून असते. आणि त्यांना जोडणारा दुवा ज्याच्या हाती, त्याच्या हाती ग्राहक सापडतो. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली व पुढे तिचा आराखडा इतर उत्पादकांना विनामूल्य वापरू दिला. त्यामुळे कोणत्याही कारखान्याची कॅसेट कोणत्याही यंत्रात वाजू लागली. १९७९ मध्ये आलेल्या सोनीच्या वॉकमनमध्येही तीच कॅसेट चालत असे. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटींनी ग्रामोफोन कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते व भीमगीते खेडोपाडी दुमदुमली, त्यामागे हे मोकळे प्रमाणीकरणच होते.

पुढे कॅसेट मागे पडली, तरी गाडीतील टेप निकामी झाला नाही. कॅसेटच्याच आकाराची एक डबी त्यात सरकवावयाची. तिच्यातील चुंबकीय डोके प्लेअरकडून आलेल्या विद्युत्-लहरींचे बदलत्या चुंबकीय क्षेत्रात रूपांतर करते, आणि टेप ते फितीप्रमाणेच वाचतो. दुसरा उपाय एफ.एम. प्रक्षेपकाचा. तो मोकळ्या कंप्रतेवर जणू गाडीपुरते आकाशवाणी केंद्र चालवितो. तिसरा आणि सर्वांत सरळ उपाय म्हणजे ३.५ मिलिमीटरची पिन. या तिन्ही उपायांत कोणाची परवानगी लागत नाही, वर्गणी लागत नाही, इंटरनेटही लागत नाही.

आता हा दुवा आक्रसत चालला आहे. अ‍ॅपलने २०१६ मध्ये आपल्या नव्या फोनमधून पिनेची जागा काढून टाकली. इतर अनेकांनी तोच कित्ता गिरविला. अनेक नव्या गाड्यांतही ती उरलेली नाही. ब्लूटूथ सोयीचे आहे, हे मान्य करावयास हवे. तथापि ज्याच्याजवळ केवळ पिनेचा जुना प्लेअर आहे, त्याला या सोयीचा उपयोग नाही. चालू स्थितीतील वस्तू केवळ जोडता येत नाही म्हणून टाकावी लागणे, हा राष्ट्रीय साधनसंपत्तीचा अपव्ययच होय.

याहून मोठी हानी सांस्कृतिक आहे. संगीत विकत घेण्याऐवजी दरमहा भाड्याने घेण्याची पद्धत रूढ होत आहे. वर्गणी थांबली की गाणेही थांबते. ज्या जिल्ह्यात संत नामदेवांचे नरसी आहे, तेथील एखाद्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण या भाड्याच्या दुकानात मिळेलच, असे नाही. ते कोणाच्या तरी कॅसेटवर वा कार्डात असते. ते वाजविण्याचे साधन नाहीसे झाले, तर ते असून नसल्यासारखेच.

तंत्रज्ञानाची प्रगती रोखावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु उत्पादकाची सोय आणि समाजाची प्रगती या दोन गोष्टी एक नव्हेत. युरोपीय संघाने २०२२ मध्ये समान चार्जरचा कायदा केला आणि डिसेंबर २०२४ पासून तो मोबाइलना लागू झाला. त्यामुळे तेथील मोबाइल उद्योग बुडाला नाही. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोबाइल व वाहने या दोन्ही क्षेत्रांचा समावेश आहे. मात्र दुरुस्तीची माहिती मिळणे वेगळे आणि जोडणीचा हक्क मिळणे वेगळे.

म्हणून वाहनातील प्रत्येक ध्वनियंत्राला वायरने जोडता येईल अशी एक मोकळी, प्रमाणित जागा ठेवण्याचे बंधन शासनाने उत्पादकांवर घालावे. हा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे. ग्राहकांनीही गाडी घेताना रंग आणि ॲव्हरेज यांबरोबर हा प्रश्न विक्रेत्यास आवर्जून विचारावा. मागणीच नाही, ही उत्पादकांची सबब तेवढ्याने तरी मोडून पडेल.