करून बघायला काय जातं?

पुण्यात आंबेडकर रस्त्यावर राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. 1952 पासून तिथे विषाणूंचा अभ्यास चालतो. त्याच शहरात कुणाच्या बरगडीवर पुरळ उठलं, आग होऊ लागली, की घरात पहिला प्रश्न निघतो तो 'नागीण उतरवणारा कुणी माहितीये का?' हाच. मग गेरूचा लेप, मंत्र, फुंकर. हे करणारे अडाणी असते तर त्यांना समजावता आलं असतं. पण आजारी वडिलांना मोटारीत बसवून मांत्रिकाकडे नेणारा मुलगा पदवीधर असतो आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं : करून बघायला काय जातं?

काय जातं, ते ऐका.

नागीण हा कुणाचा कोप नव्हे. लहानपणी कांजिण्या आणणारा विषाणू अंगातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. वय पन्नाशीपुढे गेलं, मधुमेह जडला किंवा कर्करोगावरच्या उपचारांनी प्रतिकारशक्ती खालावली, की तो मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. म्हणून बहुतेकदा आधी दुखतं, मग फोड येतात आणि तेही एकाच बाजूला. 'तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो' या भीतीवर पिढ्यान्‌पिढ्या धंदा चालला. खरं तर डाव्या-उजव्या मज्जातंतूंची हद्द अंगाच्या मध्यरेषेवर संपते, त्यामुळे विळखा सहसा पुरा होतच नाही. जे मुळात होणार नव्हतं, ते आपण टाळलं म्हणून मांत्रिक दक्षिणा घेतो. फोडही दोन ते चार आठवड्यांत आपोआप बरे होतात. त्याचंही श्रेय त्यालाच!

जातात ते 72 तास. पुरळ दिसल्यापासून एवढ्या अवधीत असायक्लोव्हिरसारखं औषध सुरू झालं, तर विषाणूची वाढ रोखली जाते, फोड लवकर सुकतात. आपण ते तीन दिवस गेरू उगाळण्यात घालवतो. फोड कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर आले असतील तर नजर धोक्यात असते, तिथे एक दिवसही थांबू नये. आणि व्रण गेले तरी काहींची वेदना महिनोन्‌महिने उरते, अंगावरच्या सदऱ्याचा स्पर्शही सोसवत नाही. तेव्हा मांत्रिक भेटत नाही. रात्रभर कण्हणारं म्हातारं माणूस तेवढं घरात असतं आणि आपण त्याला 'वयच झालंय आता' म्हणतो.

दुसरा अपराध शिवाशिवीचा. नागीण झालेल्या आईची ताट-वाटी वेगळी करणारी घरं या शहरात आहेत. नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत, त्याला ओल्या फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. म्हणून फोड झाकावेत आणि तान्ही बाळं, कांजिण्या न झालेल्या गर्भवती व दुबळ्या प्रकृतीची माणसं यांना खपली धरेपर्यंत दूर ठेवावं. एवढी काळजी पुरे. आईला वाळीत टाकण्याचं कारण नाही.

20 ऑगस्ट 2013 रोजी याच पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं त्याने गुन्हा ठरवलं. पण नागीण चावत नाही, आणि इथे रोग्याला कुणी अडवतही नाही. आपणच त्याला हौसेने घेऊन जातो. दरवर्षी त्या पुलावर फुलं वाहायची आणि घरी येऊन मांत्रिकाचा पत्ता विचारायचा, ही दाभोलकरांशी केलेली प्रतारणा आहे.

2023 पासून पन्नाशीपुढच्यांसाठी दोन मात्रांची लस भारतात मिळते. सरकारच्या मोफत लसीकरणात ती नाही आणि तिचा खर्च गरिबाला झेपणारा नाही. ती सर्वांना मिळावी ही मागणी सुशिक्षितांनीच करायला हवी. पण त्याआधी त्यांनी आपल्या घरातली वाट बदलावी. पुरळ दिसलं त्याच दिवशी आई-वडिलांना डॉक्टरकडे न्यावं. करून बघायचं असेल तर ते करून बघा.