चेअरमन कॅपिटल, वॉचमन स्मॉल

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर इंग्रजीत नोटीस आली. वॉचमन, मेड आणि डिलिव्हरीवाल्यांनी मेन लिफ्ट वापरायची नाही, मागची वापरायची. चेअरमनचा सी कॅपिटल, सेक्रेटरीचा एस कॅपिटल. वॉचमन आणि मेड मात्र स्मॉल. हे असं का, विचारलं, तर उत्तर आलं, "अहो, पद आहे ते! रिस्पेक्ट नको का?"

मुळात इंग्रजीत तसा नियमच नाही. पद नावाच्या आधी, नावाला चिकटून आलं तर कॅपिटल. नुसतं आलं किंवा नावानंतर आलं तर स्मॉल. शिकागो मॅन्युअल हेच सांगतं, असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था हेच पाळते. 'प्रेसिडेंट लिंकन'मधला पी मोठा, पण 'लिंकन हे प्रेसिडेंट होते' यात तोच पी लहान. लिंकनला चालतं, आमच्या बी विंगला चालत नाही!

कायद्याच्या इंग्रजीची रीत वेगळी, हे मान्य. आपल्या राज्यघटनेत प्रेसिडेंट, गव्हर्नर कॅपिटल आहेत आणि प्रास्ताविकेतला सिटिझन स्मॉल. पण तीच प्रास्ताविका सुरू होते 'आम्ही भारताचे लोक'ने, आणि ते शब्द इंग्रजीत अख्खेच्या अख्खे कॅपिटलमध्ये आहेत. सोसायटीची नोटीस म्हणजे काही राज्यघटना नाही.

आणि कॅपिटलमध्ये मान नसतोच, असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेत 'निग्रो'चा एन मोठा लिहा म्हणून डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस वर्षानुवर्षं भांडले. न्यूयॉर्क टाइम्सने ते मानलं 1930 मध्ये. 'ब्लॅक'चा बी असोसिएटेड प्रेसने मोठा केला तो 2020 मध्ये. पण तिथे अक्षर मोठं मागणारे कोण होते? ज्यांना कायम लहान लिहिलं गेलं ते. इथे खुर्चीवर बसलेलेच स्वतःचं अक्षर मोठं करून घेताहेत.

देवनागरीत कॅपिटल नाही, म्हणून आपण फार समतावादी आहोत असंही नाही हं. आपण ते काम क्रियापदाकडून करून घेतो. चेअरमन 'आले', वॉचमन 'आला'. वॉचमनकाका वयाने चेअरमनपेक्षा मोठे असले तरी. इंग्रजीत ही सोय मिळेना, म्हणून कॅपिटल पकडलं, बस्स.

कमिटीला एवढंच सांगणं आहे: सगळे स्मॉल करा, नाहीतर वॉचमनचा डब्ल्यूसुद्धा मोठा करा. आणि नोटीस दुरुस्त करायला घेतलीच आहे, तर लिफ्टची ती ओळही काढून टाका.