सुट्टीचे दिवस आणि भरतीचे गणित

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की बेळगाव, खानापूर, निपाणी या बाजूच्या आपल्या कुटुंबांतून एकच विषय निघू लागतो: यंदा समुद्रावर कधी जायचे? कोणाचे आजोळ साष्टीत असते, कोणाची थोरली बहीण वेंगुर्ल्यास दिलेली असते, तर कोणी कारवारला ओळखीच्या घरी आठ दिवसांपुरती खोली मागून घेतो. चोर्ला, अनमोड किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट उतरून मंडळी खाली पोहोचतात. कपड्यांच्या पिशवीत, आईच्या नकळत, धाकट्याने एक गरी आणि तंगुसाचे भेंडोळे लपवलेले असते, आणि वडिलांनाही ते मनातून ठाऊक असते.

गरी टाकून मासे धरणे, म्हणजे आमच्या कोकणी मुलखातील शब्दात गरवणे, हा सुट्टीतील उत्तम विरंगुळा आहे. त्यात खर्च थोडा, स्वस्थता पुष्कळ, आणि बापलेकांना एकमेकांशेजारी दोन तास निवांत बसण्याची संधी आहे. तथापि घाटावरील माणसाची या बाबतीतील योजना बहुधा उलट्या टोकाने सुरू होते. जाण्याचा दिवस रजेवरून ठरतो, गाडी सोयीवरून ठरते, आणि गरवण्यास जी वेळ उरते ती दुपारचे जेवण व झोप आटोपल्यानंतरची. चार वाजता मंडळी काठ्या घेऊन किनाऱ्यावर येतात, तो पाणी कितीतरी दूर गेलेले असते. मग दोन तास उन्हात बसून रिकाम्या हाताने परतणे आले. याहून वाईट असे की पाण्याच्या मागोमाग खडकांवरून पुढे जावे, आणि पाणी परत फिरल्याचे कळण्यापूर्वी मागची वाट बुडून जावी.

म्हणून आजच्या लेखात एवढेच सांगावयाचे आहे की, समुद्राचे वेळापत्रक आधी पाहावे आणि आपले त्यानंतर बसवावे. हे वेळापत्रक वाचण्यास फार विद्वत्ता लागत नाही. भिंतीवरची दिनदर्शिका आणि तोंडी हिशोब एवढे पुरे.

भरती-ओहोटी मुख्यत्वेकरून चंद्राच्या आकर्षणाने होते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज साधारण तितकीच मागे सरकते. सुमारे चोवीस तास पन्नास मिनिटांत दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात, म्हणजे भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक काळ जातो. आपल्या किनाऱ्यावरील जुन्या लोकांनी यासाठी एक सोपा आडाखा बांधून ठेवला आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात, पौर्णिमा वा अमावास्या ही पंधरावी तिथी धरली तर सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. दिनदर्शिकेत तिथी नसेल तर पौर्णिमेपासून अथवा अमावास्येपासून दिवस मोजावेत. हा अंदाज आहे, हे मात्र विसरू नये. जागेप्रमाणे त्यात अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडू शकतो, आणि गोव्याकडे दिवसाच्या दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. ज्यांना नेमकी वेळ हवी असेल त्यांच्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीची कोष्टके प्रसिद्ध करतो, आणि मच्छीमारांच्या धक्क्यावर विचारले तर कोणीही ती तोंडी सांगेल.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा पाणी फार चढते आणि फार उतरते. त्यास उधाण म्हणतात. गोव्याकडे उधाणाच्या दिवसांत चढउतार सुमारे दोन मीटर असतो, मुंबईकडे त्याच्या दुपटीहूनही अधिक. अष्टमीच्या आसपास हा चढउतार अगदी कमी होतो, तो भांग. वाहत्या पाण्याबरोबर कोळंबी व लहान मासळी हलते आणि तिच्या मागोमाग मोठा मासा येतो. म्हणून भांगाच्या मंद पाण्यात गरवणाऱ्याचा पुष्कळ वेळ फुकट जातो, तर ऐन उधाणात पाण्याची ओढ नवख्याला झेपत नाही.

आता ही दोन गणिते एकत्र करून पाहा. मासा गरीला लागण्याचा चांगला काळ म्हणजे भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला तास. मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि नऊनंतर वाळू तापू लागते. तेव्हा सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान भरती येणारे दिवस कुटुंबाला सर्वांत सोयीचे. आडाख्याप्रमाणे ते दशमी, एकादशी आणि द्वादशी हे होत. भांग सरलेला, उधाण अजून आलेले नाही, आणि पहाटेच्या गारव्यात पाणी चढते आहे. ज्यास आठ दिवसांची रजा मिळणार असेल त्याने यांपैकी निदान दोन दिवस पदरी पडतील अशा बेताने निघावे. गाडीच्या वेळेइतकीच ही तिथीही दिनदर्शिकेवर खूण करण्याजोगी आहे.

महिन्याचा पूर्वार्ध उत्तरार्धाहून बरा. मोसमी पाऊस सामान्यतः जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे येतो, पण समुद्र त्यापूर्वीच खवळू लागतो. २०२१ साली १६ मेच्या सुमारास तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजीच केरळात पोहोचला. म्हणून मेच्या विसाव्या तारखेनंतरचा बेत हवामानाचा अंदाज पाहिल्यावाचून करू नये.

जागेविषयी म्हणाल तर नवख्याने आणि मुलांनी उघड्या खडकांपेक्षा खाडीचे मुख निवडावे. साळ नदी बेतूलजवळ समुद्रास मिळते तो भाग, शापोरा व तेरेखोलची मुखे, देवबागजवळची कर्ली, कारवारची काळी नदी, या सर्व ठिकाणी गोडे व खारे पाणी मिसळते आणि मासळीची जा-ये असते. सपाट वाळूच्या किनाऱ्यावर मुडदुशी लागते. तिला कोळंबीचा बारीक तुकडा आणि लहानशी गरी पुरे. खाडीत तांबोशी, पालू, शिंगाळा हे येतात, आणि नशीब असेल तर चणक, ज्याला रायगडकडे जिताडा म्हणतात. बोय, म्हणजेच गोव्यातील शेवटो, शेवाळ व गाळ चाळून खाणारा. त्याला कोळंबीपेक्षा कणकेची गोळी आवडते. सामानासाठी साधी वेताची किंवा बाजारात मिळणारी काठी, आठ-दहा किलो वजन पेलणारा तंगूस, शिशाचे चारसहा गोळे आणि दोन आकारांच्या गऱ्या एवढे पुरेसे आहे. तुटलेला तंगूस किनाऱ्यावर टाकू नये. तो पक्ष्यांच्या पायांत अडकतो आणि वर्षानुवर्षे कुजत नाही.

जेथे रापण ओढली जात असेल तेथून दूर बसावे. आपल्याला जो खेळ, तो त्या मंडळींचा घास आहे. खाजण शेतांच्या बांधावरील मानशीपाशी मासा विपुल असतो, पण तेथील मासेमारीचा हक्क बहुधा लिलावाने दिलेला असतो; विचारल्यावाचून तेथे गरी टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या मळ्यात शिरणे होय.

धरलेल्यातले काय ठेवावे, याचाही विचार घरूनच करून निघावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण पावसाळ्याच्या आरंभी पुष्कळ मासळी अंडी घालते. गोव्यातील मच्छीमार बांधव याच विश्रांतीच्या काळात, २९ जून रोजी, संत पेत्राच्या सणाला होड्या एकत्र बांधून सांगोड साजरा करतात. गरीवाल्यास ही बंदी लागू नसली तरी तिच्यामागचे कारण त्यालाही लागू आहे. चणकाचेच पाहा. हा मासा आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. पावसाच्या सुमारास अंडी घालण्यासाठी तो खाडीच्या मुखाकडे उतरतो. म्हणजे मेअखेर मुखाशी सापडणारा धिप्पाड चणक ही बहुधा अंड्यांवर आलेली मादी असते. तळहाताएवढी पिल्ले आणि अशी मोठी मादी ओल्या हाताने सोडून द्यावी व मधल्या आकाराचा मासा घरी न्यावा. घरात जितकी माणसे जेवायला असतील तितके मासे झाले की काठी गुंडाळावी.

मासा मिळाल्यावर ऊन हा त्याचा शत्रू. डब्यात बर्फ न्यावा आणि पोट तेथल्या तेथे साफ करावे. बांगड्यासारखा मासा उन्हात राहिला तर त्यात एक विष तयार होते, आणि ते शिजवूनही जात नाही. केंड नावाचा मासा पाण्याबाहेर काढताच फुगून चेंडूसारखा होतो. मुलांना त्याची गंमत वाटते, पण तो प्राणघातक विषारी आहे आणि चुलीवरची आच त्या विषाला मारू शकत नाही. तो कोणीही खाऊ नये, मांजरालाही घालू नये. शिंगाळ्याच्या पाठीवर व कल्ल्यांमागे विषारी काटे असतात. त्याला फडक्याने धरावे. उथळ वाळूत पाकट दडलेला असतो, म्हणून पाण्यात चालताना पाय न उचलता वाळूवरून घासत न्यावेत, म्हणजे तो आधीच निघून जातो. काटा लागलाच तर जखमेचा भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्याने वेदना कमी होते. पाणी भाजणारे नाही याची खात्री दुसऱ्याने हात घालून करावी आणि मग दवाखाना गाठावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मे महिन्यातील शांत, निरभ्र सकाळी, वारा पडलेला असतानाही, एकाएकी मोठ्या लाटा येऊ शकतात. दूर दक्षिणेच्या महासागरात उठलेल्या वादळांच्या लाटा हजारो मैल प्रवास करून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर पोहोचतात. केरळातील लोक याला कळ्ळक्कडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. आकाशाकडे पाहून त्याचा सुगावा लागत नाही. अशा लाटांची पूर्वसूचना देणारी भारत सरकारची संस्था, भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, समुद्रापासून दूर हैदराबादेत आहे. आमच्या तेथील वाचकांना तिचे नाव ठाऊक असेलच. तिचा इशारा वृत्तपत्रांतून व भ्रमणध्वनीवरून मिळतो. इशारा असेल त्या दिवशी मुलांसह किनाऱ्यावर जाऊच नये, मग दशमी असो की द्वादशी.

इशारा नसला तरी खडकावर पाऊल ठेवण्यापूर्वी वीस मिनिटे उभे राहून पाहावे. मोठ्या लाटा एकामागून एक अशा टोळीने येतात आणि मध्ये बराच वेळ समुद्र निजल्यासारखा दिसतो. जो खडक ओला आहे तेथवर लाट येते, असे समजावे. पाण्याकडे पाठ करून बसू नये. कोणी प्रवाहात सापडून आत ओढला गेला तर त्याने किनाऱ्याकडे झुंजत येण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाहेर पडावे आणि मग काठाकडे वळावे. काठावरच्यांनी त्याच्यामागे उडी न घालता दोरी, रिकामा डबा, जे तरंगेल ते फेकावे. गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. लाल निशाण म्हणजे पाण्यात उतरू नये, हे मुलांना गाडीतच शिकवून ठेवावे.

एक लहानशी सूचना करून लेख पुरा करतो. कुटुंबातील एका वडीलधाऱ्या माणसाने गरी न धरता केवळ घड्याळ आणि पाणी सांभाळावे. परतण्याची वेळ घरूनच ठरवावी, आणि त्याने हाक दिली की कोणीही 'आणखी एकदाच टाकतो' असे म्हणू नये. हे काम आजोबांना द्यावे असे वाटते, पण माझ्या अनुभवाने ते आजीला अधिक चांगले साधते, कारण तिला मासा लागला की नाही याच्याशी कर्तव्य नसते. ती फक्त नातवंडे मोजत असते. खोली घेण्यापूर्वी दिनदर्शिका उतरवून तिच्याचपाशी बसावे आणि तिथीची पाऊणपट तिलाच करू द्यावी.