मुळशीची मुलगी आणि इन्शुलिनची कुपी

१९२१ च्या एप्रिलमध्ये मुळशी खोऱ्यातील शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट स्वादुपिंडातील त्या द्रव्याचा शोध घेत होते, ज्यास आपण आज इन्शुलिन म्हणतो. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु मुळशीत राहणाऱ्या, टाइप वन मधुमेह जडलेल्या तरुण मुलीच्या दिनक्रमात त्या एकत्र येतात.

या रोगात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याशी त्याचा संबंध नाही. आईबापांच्या पापपुण्याशी तर नाहीच नाही. इन्शुलिन हे प्रथिन, पोटात गेले की पचून जाते, म्हणून सुई अटळ. दिवसातून बहुधा चार वेळा टोचून घ्यायचे, बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर पाहायची, आणि भाकरी किती, श्रम किती, याचा हिशेब मनात चालू ठेवायचा. हिशेब एका बाजूला चुकला तर शुद्ध हरपते, दुसऱ्या बाजूला चुकला तर रक्तात आम्ल साचते. भातलावणीत वाकून राबताना साखर झपाट्याने उतरते. अशा वेळी पदरी बांधलेला गुळाचा खडा हे तिचे औषधच असते.

न उघडलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. मुळशीच्या पावसात वीज गेली की काय करावे? ज्या धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार होऊन मुंबईला गेली, त्याच्याच काठी ओल्या मडक्यात कुपी जपण्याची वेळ यावी, याला काय म्हणावे? (मडक्याची युक्ती मात्र खरोखर उपयोगाची आहे.)

याहून अवघड आहे ती लपवाछपवी. लग्न मोडेल या भीतीने घरचेच सांगतात, कुणापुढे टोचून घेऊ नकोस. मग लग्नघरी एक मात्रा चुकते. पुढे हरितालिकेचा निर्जळी उपवास येतो. तो तिच्या जिवावर बेतू शकतो, पण नकाराचे कारण तिला सांगता येत नाही. साखर ताब्यात असलेली अशी स्त्री नोकरी करते, निरोगी मुलाला जन्म देऊ शकते, ही गोष्ट वधूपरीक्षेला बसलेल्या वडीलधाऱ्यांना कोण सांगणार?

बँटिंग, बेस्ट आणि कोलिप यांनी १९२३ मध्ये आपले पेटंटचे हक्क प्रत्येकी एका डॉलरला टोरांटो विद्यापीठास दिले. आज जगातील इन्शुलिनच्या बाजाराचा फार मोठा भाग तीन कंपन्यांच्या हाती आहे. आपल्याकडे मानवी इन्शुलिनच्या किमतीवर सरकारी नियंत्रण आहे, हे मान्य. पण साखर तपासण्याच्या पट्ट्यांचा रोजचा खर्च मजुरी करणाऱ्या घराला पेलत नाही, आणि तपासल्याविना मात्रा ठरवणे म्हणजे अंधारात बाण मारणे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या यादीतही हा रोग नाही. म्हणून कुपी, सुया आणि पट्ट्या या तिन्ही गोष्टी गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य, महिन्याच्या महिन्याला आणि पावसाळ्यातही मिळाल्या पाहिजेत, त्यासाठी मुलीला पुण्याच्या एस.टी.त बसवावे लागता कामा नये.