आउटलाइन हवीय? मग शिरोरेषा सांभाळा!

फेस्टचा सीझन आला की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर पोकळ अक्षरांची गर्दी होते. नुसती बाहेरची रेघ, आत काही नाही. दिसायला मस्त! पण एक गोष्ट बघितलीत का? ही सगळी मजा बहुतेक वेळा इंग्रजी नावाच्या वाट्याला येते. मराठी नाव खाली कोपऱ्यात, हाताला लागेल त्या फॉण्टमध्ये. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘मराठी तेवढं कूल दिसत नाही रे!’

खरंच?

इंग्रजीसाठी आयते पर्याय आहेत, हे मान्य. ‘लॉन्ड्रिना’चंच घ्या. ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या रस्त्यांवरची अक्षरं बघून हा फॉण्ट सुचला. भरीव, आउटलाइन, सावलीवाला आणि स्केच असे त्याचे चारही प्रकार गूगल फॉण्ट्सवर फुकट मिळतात. भरीव अक्षर खाली ठेवा, त्यावर दुसऱ्या रंगाची आउटलाइन किंचित सरकवून बसवा, झालं पोस्टर!

लॉन्ड्रिनात देवनागरी नाही. मग आपण काय करतो? साधा मराठी फॉण्ट घेतो, आतला रंग काढतो आणि कडेला स्ट्रोक देतो. ‘तरंग’ असं लिहून बघा. शिरोरेषेत अक्षरांच्या सांध्यावर उभ्या रेघा उमटलेल्या दिसतील, जणू शब्दाला टाके घातलेत. इंग्रजी छापील अक्षरं सुटी उभी असतात, आपली मात्र हातात हात धरून. मध्ये फट दिसू नये म्हणून फॉण्टमध्ये शेजारच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. अक्षर भरीव असेपर्यंत ते कळत नाही. पोकळ केलं की पितळ उघडं पडतं.

म्हणजे दोष लिपीचा नाही, आपल्या घाईचा आहे. इलाज दोन मिनिटांचा. कोरलमध्ये शब्दाचे कर्व्ह करा आणि वेल्ड मारा. इलस्ट्रेटरमध्ये आउटलाइन्स करून युनाइट. आता रेघ प्रत्येक अक्षराभोवती न फिरता अख्ख्या शब्दाभोवती एकच फिरेल. फक्त त्याआधी ऱ्हस्व-दीर्घ तपासा, नंतर टाइप करून बदलता येत नाही.

आणि आउटलाइन फेस्टच्या नावापुरतीच ठेवा. तारीख, वेळ, एण्ट्री फी भरीव अक्षरांतच लिहा. बारीक रेघ मोबाइलच्या स्क्रीनवर गायब होते आणि मग ‘कधी आहे?’ असे पन्नास मेसेज येतात.

देवनागरीला खेळकरपणाचं वावडं नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला गुबगुबीत ‘मोदक’ फॉण्ट बघा, तोही फुकट आहे. असे फॉण्ट आणखी यावेत असं वाटत असेल, तर आधी आहेत ते वापरायला हवेत. मागणीच दिसली नाही, तर नवे बनवणार कोण आणि कशासाठी?

तेव्हा पुढच्या पोस्टरवर मराठी नाव कोपऱ्यातून उचला आणि मधोमध आणा. मोठ्ठं, पोकळ आणि सलग शिरोरेषेचं!