पॉइंट कोणाचे आणि पैसा कोणाचा?

आपल्या पाचगणीत पॉइंट म्हटलं की पारसी पॉइंट, सिडनी पॉइंट. पण हल्ली पोरांच्या तोंडी वेगळेच पॉइंट आहेत. बिंगवर जाऊन काहीबाही सर्च करायचं, रोजची क्विझ सोडवायची, की मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सच्या खात्यात पॉइंट जमा. साठले की गिफ्ट कार्ड. एक पोरगा नुसतं "अ", "आ", "इ" सर्च करत बसलेला मी बघितलाय. विचारलं तर म्हणाला, "काका, फुकट आहे!"

मंडळी, फुकट कसलं? ही मजुरी आहे, आणि तीही स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या बाईच्या रोजापेक्षा कितीतरी कमी.

हा खेळ जुनाच आहे. २००७ साली याच मायक्रोसॉफ्टने 'लाइव्ह सर्च क्लब' काढला होता. त्यात 'चिकशनरी' नावाचा कोंबड्यांचा शब्दखेळ होता. तुम्ही खेळात शब्द टाकला की तो कंपनीच्या सर्च इंजिनवर शोध म्हणून जायचा. म्हणजे कुणाला काही शोधायचं नव्हतं, तरी शोधाचा आकडा फुगत होता! लोकांनी बक्षिसांसाठी आपोआप खेळणारे प्रोग्रॅम लावले. पुढे त्याचं नाव क्लब बिंग झालं आणि २०११ ला दुकान बंद. आता तेच काम आपली पोरं हाताने करतायत.

गूगलवाले काही वेगळे नाहीत. २०१९ ची दिवाळी आठवा. गूगल पेवर दिवा, झुमका, फूल, कंदील आणि रांगोळी असे पाच स्टॅम्प गोळा केले की २५१ रुपये. रांगोळी कुणालाच मिळेना. शिकलेसवरलेले लोक ग्रुपवर "रांगोळी आहे का रांगोळी" म्हणून भीक मागत होते.

तुमच्या शोधाला किंमत किती, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. मोबाइल उघडल्यावर आपलंच सर्च समोर यावं म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात अ‍ॅपल वगैरे कंपन्यांना २,६३० कोटी डॉलर दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. मोठ्या कंपन्यांना कोटी, आणि आपल्या पोरांना पॉइंट!

बरं, हा पैसा येतो कुठून? "पाचगणी हॉटेल" टाकून बघा. वरच्या ओळींवर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. तिथे दिसायचं तर क्लिकमागे पैसे मोजावे लागतात. मोजणारा कोण? आपलाच लॉजवाला. पोरगा सवय लावून घेतो, कंपनी ती सवय जाहिरातदाराला विकते, आणि बिल येतं त्या पोराच्या बापाला किंवा चुलत्याला. बक्षिसाचा पैसा आपल्याच खिशातून फिरून आलेला असतो, तोही कापून.

काही जण म्हणतील, "रमीत घरदार घालवण्यापेक्षा हे बरं." मान्य, बरंच आहे. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले, चांगलं केलं. पण जिथे पैशाऐवजी पोराचा वेळ लागतो, त्या खेळाला तो कायदा हात लावत नाही. डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची खात्रीशीर संमती मागतो. ती संमती आपल्याकडे कशी दिली जाते, हेही ऐका. पोरगं म्हणतं, "पप्पा, ओटीपी आला का?" आणि पप्पा गिऱ्हाइकाशी बोलता बोलता सहा आकडे सांगून मोकळे.

तेव्हा आज रात्री एवढं करा. पोराचं ते खातं उघडा आणि जन्मतारीख कुणाची टाकलीय ते बघा. माझ्या ओळखीच्या दोन घरांत ती वडिलांची निघाली. तुमच्याकडे कुणाची निघते ते खाली कमेंटमध्ये सांगा, नाव न लिहिता सांगितलं तरी चालेल.